हळद, मिरची, सालई : वेदनाशमनाचा एक इतिहास

भिवापूर हे नाव उच्चारताच नागपूर जिल्ह्यातील माणसाला प्रथम मिरची आठवते. तेव्हा या गावी वेदना आणि दाह यांविषयी बोलावयाचे ठरविले, तर मिरचीचा विषय निघणे ओघानेच आले. तथापि आमचा आजचा विषय मिरचीची लागवड नव्हे, की तिचा बाजारभावही नव्हे. अंग दुखू लागले, सांधा सुजला, मुका मार लागला, म्हणजे आपली घरे ज्या वनस्पतींकडे वळत आली, त्यांच्या अंगी खरोखर कोणता गुण आहे आणि तो गुण आहे हे माणसाने कसकसे ओळखले, याचा इतिहास आम्हांस सांगावयाचा आहे. त्यासाठी आम्ही तीनच द्रव्ये निवडली आहेत. हळद, मिरची आणि आपल्या जंगलातील सालई. पहिली शेजारच्या वर्धा जिल्ह्यात वायगावला पिकते, दुसरी या गावच्या नावानेच ओळखली जाते आणि तिसरी विदर्भाच्या खडकाळ, कोरड्या टेकड्यांवर आपोआप उगवते.

या तिन्ही वस्तू आज औषधांच्या दुकानांत कुपीबंद होऊन आल्या आहेत. घरच्या डब्यातील चिमूटभर हळदीला कोणी जाहिरात करीत नाही. कुपीतील हळदीची मात्र जाहिरात होते, आणि तीत शास्त्राचे नावही घेतले जाते. अमुक विकर रोखले जाते, तमुक दाह शमतो, अशी वाक्ये वेष्टनावर वाचावयास मिळतात. ही भाषा कोठून आली, तीत खरे किती आणि ओढूनताणून आणलेले किती, हे ज्याच्या खिशातून पैसे जावयाचे आहेत त्या सामान्य नागरिकास कळले पाहिजे.

शोथाची लक्षणे माणसाला फार पूर्वीच ठाऊक झाली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन ग्रंथकाराने ती चार शब्दांत मांडून ठेवली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. आपल्या वैद्यांनीही शोथाचे प्रकार आणि त्यांची चिकित्सा तपशिलाने वर्णिली आहे. परंतु लाली का येते, दुखते का, या प्रश्नांचे उत्तर रसायनशास्त्राची वाढ होईपर्यंत मिळणे शक्य नव्हते.

ते उत्तर ज्या वाटेने मिळाले, ती वाटही एका झाडाच्या सालीपासूनच निघते. १७६३ साली एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्रज पाद्र्याने वाळुंजाच्या सालीची पूड हिवतापासारख्या तापांवर देऊन पाहिली आणि तिचा गुण लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्राने कळविला. १८२८ साली म्यूनिकच्या बुखनर याने त्या सालीतून सॅलिसिन हे द्रव्य वेगळे काढले. पुढे त्यापासून सॅलिसिलिक आम्ल निघाले. ते दुखणे थांबवी, पण पोटाला सोसत नसे. १८९७ साली जर्मनीच्या बायर कंपनीतील फेलिक्स हॉफमन याने त्यात थोडा रासायनिक फेरफार करून शुद्ध पदार्थ तयार केला, आणि १८९९ पासून तो ॲस्पिरिन या नावाने बाजारात आला. जगभर माणसांनी तो कोट्यवधींच्या संख्येने घेतला. तरी तो शरीरात नेमके काय करतो, हे पुढली सत्तर वर्षे कोणालाच सांगता येत नव्हते.

१९७१ साली लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी हा उलगडा केला. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, ज्यास एन्झाइम असेही म्हणतात. पेशीला इजा झाली, की तिच्या आवरणातून ॲराकिडोनिक आम्ल नावाचा स्निग्ध पदार्थ सुटतो. सायक्लोऑक्सिजनेज या विकराच्या साहाय्याने त्याचे प्रोस्टाग्लँडिनांत रूपांतर होते, आणि ही प्रोस्टाग्लँडिने रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज वाढवितात व मज्जातंतूंची वेदना तीव्र करतात. त्याच आम्लाला लिपॉक्सिजनेज हे दुसरे विकर भेटले, तर ल्युकोट्रायीन नावाचे पदार्थ बनतात. तेही शोथ वाढविणारेच. ॲस्पिरिन पहिल्या विकराचे काम बंद पाडते, असे व्हेन यांनी दाखविले. या संशोधनासाठी व्हेन, बर्गस्ट्रोम आणि सॅम्युएल्सन या तिघांस १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक गोष्ट ध्यानी धरावयास हवी. हे विकर केवळ उपद्रवी नाही. जठराच्या अस्तराचे रक्षण, मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा, रक्त गोठणे, ही कामेही त्यावर अवलंबून आहेत. म्हणून ॲस्पिरिनने पोटात व्रण होतात. पुढे या विकराचे दोन प्रकार असल्याचे आढळले आणि शोथाच्या वेळी वाढणारा दुसरा प्रकार तेवढा रोखणारी औषधे निघाली. त्यांपैकी रोफेकॉक्सिब हे १९९९ साली अमेरिकेत विक्रीस आले, आणि त्याने हृदयविकाराचा धोका वाढतो असे दिसून आल्यावर ३० सप्टेंबर २००४ रोजी ते जगभरातून मागे घेण्यात आले. एखादे द्रव्य अमुक विकर रोखते असे नुसते सांगितल्याने ते हितकर ठरत नाही, हा धडा जगाने फार मोठी किंमत देऊन घेतला.

आता हळदीकडे वळू. चरकसंहितेत द्रव्यांचे जे दशक-गण सांगितले आहेत, त्यांतील कुष्ठघ्न आणि विषघ्न या गणांत हरिद्रेची गणना आहे. म्हणजे त्वचारोगावर आणि विषबाधेवर हळद वापरण्याची परंपरा निदान तेवढी जुनी. १८१५ साली पॅरिसमध्ये फोगेल आणि पेलेतिए यांनी हळदीतील पिवळा पदार्थ वेगळा काढून त्यास कर्क्युमिन हे नाव दिले. हाच पेलेतिए पुढे १८२० साली कावांतू याच्या जोडीने सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढणारा. कर्क्युमिनची रासायनिक घडण १९१० साली निश्चित झाली. त्यानंतर बराच काळ हळद रसायनशाळेत रंग म्हणूनच राहिली. १९७३ साली लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील श्रीमल आणि धवन यांनी कर्क्युमिनचे प्राण्यांवर प्रयोग करून ते शोथ कमी करते असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पुढे परीक्षानळीत ते सायक्लोऑक्सिजनेज आणि लिपॉक्सिजनेज या दोन्ही विकरांच्या कार्यात अडथळा आणते, असेही अनेक प्रयोगशाळांस आढळले.

याच हळदीवर १९९५ साली मोठा प्रसंग ओढवला. त्या वर्षीच्या २८ मार्चला अमेरिकेच्या पेटंट कचेरीने जखम भरून काढण्यासाठी हळदीचा वापर करण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास दिले. अर्ज करणारे दोघे संशोधक भारतीय वंशाचेच होते. बोट कापले की त्यावर हळद दाबावी, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक. त्या गोष्टीला कागदोपत्री नवा शोध ठरविले गेले! त्या वेळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. ते मूळचे गोव्यातील माशेलचे, आणि त्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. परिषदेने १९९६ साली त्या पेटंटच्या फेरतपासणीची मागणी केली, आणि १९९७ च्या ऑगस्टमध्ये पेटंट कचेरीने ती मान्य करून पेटंटातील दावे फेटाळले.

हा विजय सर्वांस ठाऊक आहे. तो कशाच्या बळावर मिळाला, हे फारसे सांगितले जात नाही. आमच्या आज्या हळद लावीत आल्या, एवढे सांगून त्या कचेरीचे समाधान झाले नसते. तिला लेखी आणि प्रसिद्ध झालेला आधार हवा होता. परिषदेने संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतून आणि शास्त्रीय नियतकालिकांतून बत्तीस आधार शोधून सादर केले, आणि त्यांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली छापलेला एक लेखही होता. चाळीसेक वर्षांपूर्वी कोणा डॉक्टराने आपले निरीक्षण नीट लिहून छापावयास दिले होते, ते अशा रीतीने देशाच्या कामी आले. या अनुभवातूनच पुढे २००१ साली पारंपरिक ज्ञानाचा अंकीय कोश सिद्ध करण्याचे काम सुरू झाले. आपल्या ग्रंथांतील योग परदेशी पेटंट-परीक्षकांस वाचता येतील अशा भाषांत आणून ठेवणे, हा त्याचा हेतू.

मिरचीची कथा याहून निराळी आहे. प्राचीन आयुर्वेदीय संहितांत मिरची नाही. त्यांतील तिखटपणा सुंठ, मिरी आणि पिंपळी या त्रिकटूचा. मिरची ही अमेरिका खंडाची वनस्पती. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती सोळाव्या शतकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि मिरीच्या नावावरून मिरची झाली. चारशे-पाचशे वर्षांत ती इतकी आपली झाली, की तिच्याविना वऱ्हाडी ठेचा आणि नागपुरी सावजी रस्सा यांची कल्पनाही करवत नाही. भिवापूरच्या मिरचीस तर भौगोलिक मानांकन लाभले. तेव्हा जे जुने तेच आपले आणि जे आपले तेच गुणकारी, हा युक्तिवाद मिरचीपुढे टिकत नाही.

तिच्या तिखटपणाचे मूळ शोधण्याचे काम युरोपात झाले. १८७६ साली थ्रेश या इंग्रज रसायनज्ञाने तिखट सत्त्वाला कॅप्सेसिन असे नाव दिले. १९१९ साली अमेरिकेतील नेल्सन याने त्याची घडण उकलली. त्याआधी, १८७८ साली हंगेरीच्या हग्येश याने मिरचीचा अर्क संवेदक मज्जातंतूंवर परिणाम करतो हे दाखविले होते. त्याच देशातील यान्चो याने विसाव्या शतकाच्या मध्यास एक चमत्कारिक गोष्ट नोंदविली : कॅप्सेसिन पुनःपुन्हा लावले, की प्रथम आग होते आणि मग त्या जागेची वेदनेची जाणीवच बोथट होते. आग करणारी वस्तू आग शमविते, हे कोडे त्यामुळे शास्त्रापुढे उभे राहिले.

त्याची उकल झाली ती १९९७ साली, हळदीचे पेटंट ज्या वर्षी फेटाळले गेले त्याच वर्षी. सॅन फ्रान्सिस्को येथे डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जातंतूच्या टोकाशी असलेले ते प्रथिन शोधून काढले, ज्यास कॅप्सेसिन चिकटते. हेच प्रथिन सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलेल्या उष्णतेनेही जागे होते. मिरचीने तोंड भाजते असे आपण म्हणतो, ते शरीराच्या दृष्टीने अक्षरशः खरे आहे, कारण मेंदूला दोन्हींची वार्ता एकाच दाराने पोहोचते. हे दार वारंवार उघडले, की मज्जातंतूची टोके थकतात व काही काळ वार्ता देणे सोडून देतात. या शोधासाठी ज्युलियस यांस २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्देम पाटापुटियन यांच्यासमवेत मिळाले. आठ टक्के कॅप्सेसिनची पट्टी नागिणीनंतर राहणाऱ्या वेदनेवर वापरण्यास अमेरिकेत २००९ सालीच मान्यता मिळाली होती. श्रोत्यांनी येथे ध्यानात घ्यावे, की मिरचीचा हा गुण मुख्यत्वे विकरावाटे येत नाही. तो मज्जातंतूवाटे येतो. वेदनाशामक म्हणवणारी सारी द्रव्ये एकाच वाटेने जातात असे नाही. शिवाय ती पट्टी वैद्याच्या देखरेखीखाली लावावयाची असते. दुखऱ्या गुडघ्यावर तिखट चोळणे हा तिला पर्याय नव्हे. त्याने कातडी भाजून निघेल.

तिसरे द्रव्य सालई. पांढुरक्या, कागदासारख्या सालपटांचे हे झाड आपल्या जंगलांत ठिकठिकाणी आढळते. त्याच्या खोडास चीर दिली, की सुगंधी राळयुक्त डिंक पाझरतो. त्यास शल्लकी किंवा सालई गुग्गुळ म्हणतात. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील सिंग आणि अटल यांनी या डिंकाच्या अर्काचा शोथनाशक गुण १९८६ साली प्रसिद्ध केला. १९९२ साली जर्मनीत साफायही, अम्मोन आदींनी त्यातील बॉस्वेलिक आम्ले लिपॉक्सिजनेज या विकरास रोखतात असे दाखविले. म्हणजे ॲस्पिरिन ज्या वाटेवर उभे राहते, तिच्या शेजारची वाट ही आम्ले अडवितात.

आणि येथे आम्हांस आपल्या नागपूरचा उल्लेख अभिमानाने करावयाचा आहे. इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय, ज्यास नागपूरकर अजून मेयो म्हणतात, तेथील डॉक्टरांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या तीस रुग्णांवर सालईच्या अर्काची परीक्षा घेतली आणि २००३ साली तिचा निष्कर्ष एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापला. पद्धत अशी : पंधरा जणांस अर्क आणि पंधरा जणांस त्यासारखीच दिसणारी निर्गुण गोळी, आठ आठवडे, कोणास काय दिले, हे रुग्णासही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यासही नाही. मध्ये काही दिवस औषध बंद ठेवून दोन्ही गटांची अदलाबदल केली. अर्क घेणाऱ्यांचे दुखणे कमी झाले, गुडघा अधिक वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले. परंतु क्ष-किरणाच्या चित्रांत सांध्याच्या स्थितीत काहीच फरक आढळला नाही, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिले. आम्हांस या प्रयोगाचे मोल त्या शेवटच्या वाक्यात अधिक वाटते. दुखणे उणे झाले, पण झिजलेला सांधा भरून आला नाही, असे जो स्वतःच्या औषधाविषयी लिहितो, त्याच्या पहिल्या विधानावर विश्वास ठेवता येतो.

हळदीचीही अशी परीक्षा झाली आहे. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांना गुडघेदुखीसाठी चार आठवडे हळदीचा अर्क किंवा आयबुप्रोफेन देण्यात आले, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात दोहोंचा गुण जवळपास सारखा आढळला. मात्र तो रोज दीड ग्रॅम अर्क होता. वरणातील हळदीत कर्क्युमिनचे प्रमाण शेकडा दोन ते पाच इतकेच असते, आणि पोटातून ते रक्तात फारच थोडे उतरते. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात कर्क्युमिनबरोबर मिरीतील पायपरिन दिले असता रक्तातील त्याची उपलब्धता वीसपट वाढलेली आढळली. हे ऐकून मसाल्याच्या डब्याचे कौतुक वाटणे साहजिक आहे. पण पायपरिन हे काम करते ते यकृतातील व आतड्यातील औषधे निकामी करणारी विकरे मंद करून. मग रुग्ण घेत असलेली दुसरी औषधेही रक्तात वाजवीपेक्षा अधिक साठू शकतात. अमेरिकेत २०११ ते २०२२ या काळात हळदीच्या गोळ्यांमुळे यकृतास इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद एका अभ्यासात झाली. त्यांतील एक दगावला. भाजीतील हळदीने असे होत नाही. अर्क करून, मात्रा वाढवून, शोषण वाढवून जे बनते, ते अन्नाच्या पंक्तीतून उठून औषधाच्या पंक्तीत जाऊन बसलेले असते. आणि औषधास जे नियम, तेच त्याला लागू करावयास हवेत.

आपल्याकडील कायद्यात ही पंक्ती अजून धूसर आहे. तोच अर्क आयुर्वेदीय औषध म्हणून विकला, तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू होतो. आरोग्यपूरक अन्न म्हणून विकला, तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम लागू होतात, आणि त्यांनुसार वेष्टनावर तो औषधी उपयोगासाठी नसल्याचे छापावे लागते. एका बाजूस हे बारीक वाक्य आणि दुसऱ्या बाजूस गुडघ्याचे मोठे चित्र, असा देखावा मग दुकानात दिसतो. यातील चित्र पाहावे की वाक्य वाचावे, हे गिऱ्हाइकावर सोडलेले आहे. आमची विनंती एवढीच, की वाक्य वाचावे. रक्त पातळ करणारे, मधुमेहाचे वा हृदयविकाराचे औषध चालू असेल, तर अशी कुपी उघडण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे, आणि जे घेत आहोत ते त्यांच्यापासून लपवू नये. घरचे आहे, वनस्पतीचे आहे, म्हणून ते सांगण्याजोगे नाही, ही समजूत पुष्कळ घरांत आढळते. ती घातक आहे.

वॉशिंग्टनमध्ये हळदीवर दुसऱ्याने दावा सांगितला, तेव्हा आपण त्याच्यापाशी लेखी पुरावा मागितला, स्वतःचा पुढे केला आणि जिंकलो. आता आपलेच लोक हळदीविषयी, सालईविषयी दावे करीत आहेत. त्यांच्यापाशी पुरावा मागताना मात्र आपण संकोचतो. परंपरेचा अवमान होईल असे आपणांस वाटते. वास्तविक परंपरेचे रक्षण पुराव्यानेच झाले. परक्यास एक माप आणि घरच्यास दुसरे, असे ठेवले तर पुढल्या वेळी आपल्या शब्दास किंमत राहणार नाही.

त्यासाठी करावयाचे काम अवघड असले, तरी अशक्य नाही. मेयोतील परीक्षेत तीस रुग्ण होते. तीस रुग्णांवरून दिशा कळते, निर्णय करता येत नाही. तीच परीक्षा तीनशे रुग्णांवर, अधिक काळ, विदर्भातल्याच रुग्णालयांनी मिळून घ्यावी. नागपूरची वैद्यकीय महाविद्यालये आहेत, १९६९ पासून सेवाग्रामचे महाविद्यालय आहे, गुडघे दुखणाऱ्यांची तर गावोगाव वाण नाही. सालईच्या झाडांना खोल चिरा देऊन ती वाळू न देता डिंक कसा काढावा, याचेही शिक्षण जंगलात राहणाऱ्यांस त्याच वेळी मिळाले पाहिजे. अन्यथा गुण सिद्ध होईपर्यंत झाडच उरावयाचे नाही. आणि भिवापूरच्या शेतकऱ्याने संकरित वाणांच्या रेट्यात आपल्या मूळ मिरचीचे बियाणे थोडे तरी राखून ठेवावे. आज तिची कीर्ती रंगासाठी आहे. तिच्यात कॅप्सेसिन किती, कोणत्या मातीत किती, हे मोजण्यासाठी उद्या कोणी आले, तर मोजावयास मिरची शिल्लक असली पाहिजे.